रानाला कुलूप लावून फुलं वाचत नाहीत

एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, जेमतेम चार-पाच आठवडे, इंग्लंडमधल्या जुन्या रानांत ब्लूबेल ही निळी रानफुलं फुलतात आणि त्याच सुमाराला एक जुना वादही दरवर्षी नव्याने पेटतो. कुणीतरी निळ्या ताटव्याच्या मधोमध बसून काढलेले फोटो टाकतं. कुणीतरी चिरडलेल्या पानांचे फोटो टाकून त्याला उत्तर देतं. मग दोन तट पडतात. एक तट म्हणतो, माणसांची लायकीच नाही, फुलांच्या दिवसांत ही रानं सरळ बंद करा. दुसरा म्हणतो, निसर्ग कुणाच्या बापजाद्यांचा नाही, आम्हाला हवं तिथे हिंडू द्या. दोघांचंही फुलांवर प्रेम आहे याबद्दल मला शंका नाही. पण दोघे ज्या रानाबद्दल बोलतात तसं रान इंग्लंडच्या लिखित इतिहासात सापडत नाही. माणसाचा हात न लागलेलं, म्हणून माणसापासून जपायचं रान तिथे नाही, आणि कितीही पाय पडले तरी काही बिघडत नाही असंही रान नाही. माझं म्हणणं असं आहे की ही रानं आजच्यापेक्षा कितीतरी अधिक लोकांना खुली व्हायला हवीत, वसंतात पायवाट सोडायला तिथे सक्त मनाई हवी, आणि आपण बुटांवरून जेवढं भांडतो त्याच्या निम्मं तरी कोयत्यावरून आणि हरणांवरून भांडायला हवं.

आधी ही रानं म्हणजे काय ते पाहू. इंग्लंडमध्ये ज्या जागी निदान सन १६०० पासून सलग रान आहे, त्या जागेला प्राचीन रान मानतात. १६०० हा आकडा वाऱ्यावरचा नाही. त्याआधी झाडं लावून रान तयार करण्याची पद्धत फारशी नव्हती. त्यामुळे तेव्हा जे रान उभं होतं ते बहुधा आपसूक वाढलेलं आणि त्याहूनही कितीतरी जुनं असणार. संपूर्ण ब्रिटनच्या भूमीपैकी फक्त अडीच टक्क्यांच्या आसपास जागेवर आता अशी रानं उरली आहेत. ती ओळखायला जाणकार वर झाडांकडे पाहण्याआधी खाली पाहतात. ब्लूबेल, पांढरी वुड अनेमनी, पिवळी प्रिमरोझ, रानलसूण, हर्ब पॅरिस ही मंडळी एकत्र दिसली की जमीन जुनी आहे असं समजायचं. अनेमनीचंच पाहा. इंग्लंडमध्ये तिच्या बियांचा फारसा भरवसा नसतो. ती जमिनीखालच्या आडव्या खोडाने इंचाइंचाने सरकते, शंभर वर्षांत सहा फुटांच्या आसपास. एका रोपापासून पसरलेला साठ फूट व्यासाचा ताटवा समोर दिसला, तर या हिशेबाने ते रोप तिथे रुजलं तेव्हा तालीकोटची लढाई व्हायची होती. अशा ताटव्यावर ऐसपैस बसकण मारणाऱ्याला आपण कशावर बसलो आहोत हे कुणी सांगितलेलं नसतं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणून रानं बंद करा म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. ब्लूबेलचं पान मांसल आणि रसाळ असतं. बूट पडला की ते आतून मोडतं आणि पुन्हा उभं राहत नाही. वरच्या ओक आणि हेझलला पालवी फुटून सावली दाटण्याआधी जे थोडे आठवडे ऊन मिळतं, तेवढ्यातच त्या पानाला पुढच्या वर्षाचं अन्न करून कांद्यात साठवायचं असतं. पान गेलं की कांदा उपाशी. फूल तोडलं तर झाडाचं एका हंगामाचं बी जातं, पण पान तुडवलं तर झाडाचा जीवच पणाला लागतो. चांगला तुडवलेला ताटवा पूर्ववत व्हायला पाच ते सात वर्षं लागतात असं सांगितलं जातं, आणि बी पडल्यापासून पहिलं फूल यायलाही साधारण तेवढाच काळ जातो. हर्टफर्डशरमधल्या अ‍ॅशरिज इस्टेटीतलं डॉकी वुड हे याचं ठळक उदाहरण. तिथल्या ब्लूबेलचं नाव झालं, गर्दी लोटली, फोटोंसाठी लोक आत शिरू लागले, ताटव्यांतून नव्या वाटा पडल्या. शेवटी ती इस्टेट सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेला हंगामापुरतं प्रवेशशुल्क लावावं लागलं आणि वाटांच्या कडा आखून घ्याव्या लागल्या. कुत्र्यांचाही मुद्दा खोटा नाही. बेल्जियममधल्या गेंट शहराजवळच्या राखीव जागांत झालेल्या अभ्यासात असं दिसलं की फिरायला येणाऱ्या कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत जातं. रानफुलांना गरीब माती मानवते. मातीला असं खत मिळालं की नेटलसारखी खाजरी तणं माजतात आणि फुलं हटतात.

लोभाचा इतिहास तर याहून काळा आहे. व्हिक्टोरियन काळात नेच्यांचं वेड इतकं पसरलं होतं की दऱ्याखोऱ्यांतून दुर्मिळ नेचे मुळासकट उपटून नेले गेले. माजी पंतप्रधान डिझरेलीच्या पुण्यतिथीला, १९ एप्रिलला, कोटावर प्रिमरोझ लावायची प्रथा पडली आणि त्यासाठी गावोगावच्या रानांतून टोपल्या भरभरून फुलं शहरात जाऊ लागली. लेडीज स्लिपर नावाचं ऑर्किड लोकांनी एवढं खणून नेलं की विसाव्या शतकात यॉर्कशरमध्ये त्याचं एकच रानटी झाड उरलं आणि त्याची जागा कित्येक दशकं गुप्त ठेवावी लागली. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलंही रानटी झाड उपटणं गुन्हा ठरवलं. ब्लूबेलचे रानटी कांदे खणून विकण्यावर १९९८ मध्ये वेगळी बंदी आली. हे कायदे आवश्यकच होते. माणूस काय करू शकतो हे ठाऊक असलेल्या लोकांनी ते केले.

पण एवढं मान्य केल्यावरही ‘रानं बंद करा’ हा निष्कर्ष निघत नाही. कारण बहुतेक रानं आधीपासूनच बंद आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये सार्वजनिक वाटांचं सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास जाळं आहे हे खरं, पण त्या वाटा जिथे जातात तिथेच जातात. २००० च्या कायद्याने मोकळं हिंडण्याचा हक्क मिळाला तो डोंगर, माळ, खडूच्या टेकड्या आणि नोंदणी झालेली गायरानं यांच्यापुरता, म्हणजे इंग्लंडच्या सुमारे आठ टक्के जमिनीवर. रानांना त्यातून वगळलं गेलं. सरकारी वनखात्याने आणि काही संस्थांनी आपली रानं आपण होऊन खुली केली, बाकीची तारेच्या पलीकडे राहिली. कुलपाने फुलं वाचत असती, तर या तारेआडच्या रानांत ती सर्वांत सुखात असायला हवी होती. तशी ती आहेत का? २०२१ मध्ये वुडलँड ट्रस्ट या रानं जपणाऱ्या संस्थेने ब्रिटनच्या रानांचा जो अहवाल काढला, त्यात देशी रानांपैकी जेमतेम सात टक्केच चांगल्या स्थितीत असल्याचं नोंदवलं आहे. बाकीच्या त्र्याण्णव टक्क्यांत फोटो काढायला कोण गेलं होतं?

विसाव्या शतकाचा हिशेब मांडला तर चित्र आणखी स्वच्छ होतं. पहिल्या महायुद्धात इंग्लंडला लाकडाची टंचाई जाणवली, त्यातून १९१९ मध्ये वनखातं स्थापन झालं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीस वर्षांत झपाट्याने लाकूड पिकवण्याच्या धोरणापायी जुन्या रानांचा बळी गेला. ओक आणि अ‍ॅशच्या खोडांवर तणनाशक मारून ती वाळवली, त्यांच्या जागी सूचिपर्णी झाडांच्या रांगा लावल्या. त्यांची सावली वर्षभर हटत नाही, त्यामुळे वसंतातली ती थोडक्या उन्हाची संधीच गेली. कितीतरी रानं मुळासकट उखडून तिथे गहू पेरला. १९३० च्या दशकापासून प्राचीन रानांपैकी जवळजवळ निम्मी अशी नष्ट तरी झाली किंवा बदलली तरी. यातला बराचसा विध्वंस सरकारी अनुदानाने, मालकाच्या संमतीने आणि लोकांच्या नजरेआड झाला. रानांच्या इतिहासाचे थोर अभ्यासक ऑलिव्हर रॅकहॅम यांनी या काळाची नोंद आयुष्यभर करून ठेवली आहे. पाचशे वर्षांचा ताटवा एका आठवड्यात नांगरणाऱ्याच्या तुलनेत, वाट सोडून चार पावलं आत शिरणारी हौशी माणसं हा किरकोळ अपराध आहे. पण त्या अपराध्याचा फोटो काढता येतो, म्हणून सगळा राग त्याच्यावर निघतो.

आता कोयत्याकडे येतो, कारण या वादात सर्वांत कमी बोललं जातं ते त्याच्याबद्दल. सफोकमधल्या ब्रॅडफील्ड वुड्सची तोड १२५२ पासून नोंदवलेली आहे. तेव्हा हे रान बरी सेंट एडमंड्सच्या मठाचं होतं. तिथे हेझल, अ‍ॅश ही झाडं जमिनीलगत तोडतात. उसाचा जसा खोडवा येतो तसे त्या बुंध्यातून नवे धुमारे फुटतात, आणि दहा-वीस वर्षांनी ते कुंपणाला, जळणाला, दांड्यांना उपयोगी पडण्याएवढे झाले की पुन्हा तोड. रानाचे तुकडे पाडून दरवर्षी एकेक तुकडा तोडायचा, म्हणजे दरवर्षी रानात कुठे ना कुठे भरपूर ऊन आणि कुठे ना कुठे दाट सावली. तोडीनंतरच्या दुसऱ्या वसंतात त्या तुकड्यात जाऊन पाहा. वर्षानुवर्षं सावलीत नुसती पानं धरून बसलेल्या प्रिमरोझ एकेका झाडावर गुच्छच्या गुच्छ फुलं काढतात. मध्ये व्हायोलेट, अनेमनी, आणि बुंध्यांच्या आडोशाला लाल-हिरवे कोवळे धुमारे. चार-पाच वर्षांनी धुमारे उंच होतात, सावली परतते, फुलं पुन्हा दबून बसतात आणि पुढच्या तोडीची वाट पाहतात. ब्रॅडफील्डमध्ये हे चक्र साडेसातशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. शेजारच्या गावात दाताळी बनवायचा कारखाना होता, तो तिथले अ‍ॅशचे दांडे घ्यायचा. आज लोक ज्या फुलांना अस्पर्श निसर्ग समजून पाहायला जातात, त्यांची गर्दी या लाकूडतोड्यांच्या कामातून आलेली आहे. कोळसा आला, रेल्वे आली, दांड्यांची जागा प्लास्टिकने आणि कुंपणाची जागा तारेने घेतली, आणि इंग्लंडभर ही तोड थांबली. तोड थांबली तशी रानं काळोखी झाली. माणूस आत आल्यामुळे नव्हे, माणूस निघून गेल्यामुळे.

हरणांचंही तसंच. ब्रिटनमध्ये आज वीस लाखांच्या आसपास हरणं असावीत असा अंदाज आहे. लांडगा आणि लिंक्स शतकांपूर्वीच संपले. भरीला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वोबर्नच्या उद्यानातून मंटजॅक हे छोटं चिनी हरीण बाहेर पसरलं. केंब्रिजजवळचं हेली वुड हे १२५१ च्या पाहणीत ऐंशी एकरांचं रान म्हणून नोंदलेलं, ऑक्सलिप या फिकट पिवळ्या, फार थोड्या परगण्यांत उरलेल्या फुलासाठी प्रसिद्ध. तिथे हरणांनी ऑक्सलिपच्या कळ्या खुडून खाल्ल्या, ताटवे रोडावले, आणि शेवटी हरणांसाठी कुंपण घालावं लागलं. हे कुंपण मला मान्य आहे. पण त्या कुंपणाला फाटक आहे आणि त्यातून माणसं आत जातात, हेही लक्षात घ्यायला हवं.

मोकळं हिंडू द्या म्हणणाऱ्यांनी आता खूश होऊ नये, कारण त्यांचा युक्तिवादही तितकाच अपुरा आहे. ते १२१७ च्या वनसनदेचा दाखला देतात, आणि तो दाखला जोरदार आहे. त्या सनदेने सामान्य माणसाला राजाच्या वनात डुकरं चारायचा, जळण न्यायचा हक्क मान्य केला होता. पण तो हक्क कामाचा होता, नुसत्या हिंडण्याचा नव्हता, आणि कुणी किती न्यायचं, कधी न्यायचं याचे गावाचे कडक नियम होते. ते किंडर स्काउट या डोंगरी माळावरच्या १९३२ च्या मोर्चाचाही दाखला देतात. २४ एप्रिलला मँचेस्टर-शेफील्डच्या शेकडो कामगारांनी राखीव माळावर मुद्दाम घुसून मोर्चा नेला, काही जण तुरुंगात गेले, आणि पुढच्या सगळ्या कायद्यांची वाट त्यातून निघाली. मला त्या लोकांबद्दल नितांत आदर आहे. मात्र गवताळ माळावर वाट सोडून चालणं आणि एप्रिलमध्ये ब्लूबेलच्या रानात वाट सोडून चालणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. माळावर जिंकलेला हक्क जसाच्या तसा रानात आणता येत नाही.

एपिंग फॉरेस्टची गोष्ट तर दोन्ही तटांनी पाठ करावी. लंडनच्या ईशान्येला असलेल्या या रानात लाउटन गावच्या लोकांना हिवाळ्यात झाडांच्या फांद्या छाटून न्यायचा पिढीजात हक्क होता. १८६० च्या दशकात जमीनदारांनी रान वेढायला घेतलं. टॉमस विलिंगेल या म्हाताऱ्या लाकूडतोड्याच्या कुटुंबाने आपला हक्क बजावला, त्याच्या घरच्यांना तुरुंगवास झाला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्याचा शेवट १८७८ च्या कायद्यात झाला. रान लंडन शहराच्या ताब्यात आलं आणि जनतेच्या विरंगुळ्यासाठी कायमचं खुलं झालं. हा मोठाच विजय होता. पण त्याच कायद्याने फांद्या छाटण्याचा हक्क मोबदला देऊन संपवला. पुढे छाटणी बंद झालेली हॉर्नबीम आणि बीचची झाडं वर डेरेदार वाढत गेली, खाली ऊन पोचेना, आणि शतकभरात रानाच्या तळाचा काळोख वाढला. अलीकडे पुन्हा छाटणी सुरू करावी लागली आहे. लोकांना चालायचा हक्क मिळाला आणि काम करायचा गेला, तेव्हा रानाचं हे झालं.

आपल्याला हा धडा परका नाही. भरतपूरच्या पक्षी अभयारण्यात १९८२ मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली, विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यास संस्थेच्याच दीर्घ अभ्यासातून निघालं की म्हशी गेल्यामुळे पाण्यात गवत बेसुमार माजलं आणि पक्ष्यांचं नुकसान झालं. साताऱ्याच्या कास पठारावर जाळीचं कुंपण आलं, तेव्हा चराई थांबल्याने फुलं कमी होताहेत अशी तक्रार करणारे स्थानिकच होते. कासला गर्दी आवरायला बुकिंग आणि शुल्क लागलं, ते योग्यच झालं. पण पर्यटकाचे पाय आणि गावकऱ्याची गुरं यांना एकाच मापाने मोजायचं नसतं.

आता उरलेला आक्षेप. वाटा आहेतच ना, मग हक्क कशाला? जमीनमालक परवानगी देतात तिथे जा. हा आक्षेप वरवर समंजस वाटतो. पण परवानगी ज्याची त्याला मागे घेता येते, आणि ज्या रानात कुणी गेलेलंच नाही त्याच्यासाठी कुणी भांडत नाही. ब्रॅडफील्डचा मोठा तुकडा १९६० च्या दशकाच्या अखेरीस शेतीसाठी उखडला जात होता. उरलेलं रान वाचलं ते त्या रानाची माहिती असलेल्या लोकांनी धावपळ केली म्हणून, आणि १९७० मध्ये ते राखीव म्हणून विकत घेतलं गेलं. २०१० च्या अखेरीस सरकारने इंग्लंडमधली सरकारी वनं विकायचा घाट घातला, तेव्हा पाच लाखांहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०११ मध्ये मंत्र्यांना संसदेत माफी मागून बेत गुंडाळावा लागला. हे सगळे काही वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हते. रविवारी मुलांना घेऊन रानात जाणारे, कुत्रा फिरवणारे, वसंतात फुलं पाहणारे होते. त्यांचे पाय ज्या वाटांवर पडले होते, त्या वाटांवरून ते संसदेपर्यंत पोचले.

गर्दीच्या देशात स्कॉटलंडसारखा कायदा चालणार नाही, असंही म्हटलं जातं. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने रानांसह जवळजवळ सगळीकडे जायचा हक्क दिला, पण तो जबाबदारीने वागण्याच्या अटीला बांधलेला आहे, आणि तिथेही ब्लूबेल फुलतातच. इंग्लंडमध्ये वस्ती दाट आहे हे कबूल. मात्र गर्दी डॉकी वुडसारख्या मोजक्या ठिकाणी कोंडते ती बाकीची दारं बंद असल्यामुळेच. लोकवस्तीजवळची अधिक रानं खुली झाली, तर तेवढीच माणसं विखुरतील. ऑक्सफर्डजवळच्या वायथम वुड्सचं उदाहरण समोर आहे. १९४२ पासून विद्यापीठाकडे असलेलं हे रान जगातल्या सर्वाधिक अभ्यासलेल्या रानांपैकी एक. तिथे १९४७ पासून पक्ष्यांची अखंड नोंद चालू आहे, आणि परवाना काढून सामान्य माणूस तिथल्या वाटांवरून हिंडतो. विज्ञान अडलं नाही, ब्लूबेलही फुलतात.

म्हणून २००० च्या कायद्यात रानं घाला, पण वेगळ्या अटींवर. मार्च ते जून आखलेली वाट सोडायची नाही आणि कुत्रा साखळीला. नव्याने तोडलेला तुकडा धुमारे वर येईपर्यंत बंद ठेवायचा अधिकार राखणाऱ्याकडे. डॉकी वुडसारखं शुल्क लावायचं तर त्यातला पैसा वाटेवर आणि तोडीवर खर्च व्हावा, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्यासाठी आठवड्यातला एखादा दिवस मोफत असावा. शेतकऱ्यांना निसर्गरक्षणासाठी जे सरकारी पैसे मिळतात, त्यात हेझलची तोड आणि हरणांची संख्या आटोक्यात ठेवणं याला चांगला भाव मिळावा, म्हणजे मालकालाही लोक आत आल्याचं ओझं वाटणार नाही. आणि फुलांच्या हंगामात वाटेच्या तोंडाशी एक माणूस उभा करावा, जो येणाऱ्याला पानं का तुडवायची नाहीत ते दोन मिनिटांत सांगेल. डॉकी वुडमध्ये हे काम स्वयंसेवक करू शकतात, तर इतर रानांत का नाही?